लेसनमुन्यांचा प्रताधिकार

लेसनमुन्यांचा प्रताधिकार : हाताने विणलेल्या लेसचे नमुने, त्यांचे आलेख, विणण्याच्या लेखी सूचना आणि प्रत्यक्ष विणलेली वस्तू यांवर निर्मात्याला विधीने मिळणारे अनन्य हक्क व त्या हक्कांच्या मर्यादा. प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट हा मुळात ग्रंथकार, चित्रकार, संगीतकार इत्यादींच्या कृतींसाठी घडलेला हक्क होय. लेस ही मात्र चित्रासारखी पाहण्याची, कापडासारखी वापरण्याची आणि मजुरीवर करवून घेऊन विकण्याचीही वस्तू आहे. त्यामुळे तिच्या नक्षीचा विचार भारतात प्रताधिकार, अभिकल्प म्हणजे डिझाइन आणि भौगोलिक मानांकन अशा तीन स्वतंत्र विधींखाली करावा लागतो. संरक्षण कशाला मिळते, किती काळ मिळते आणि मुख्यतः कोणाला मिळते, या प्रश्नांची उत्तरे या तिन्ही विधींत भिन्न आहेत. कोल्हापूर वा पैठण यांसारखी नावाजलेली हस्तकलाकेंद्रे आणि पाटोद्यासारखी (जि. बीड) नावाजलेली परंपरा नसलेली गावे यांची स्थितीही त्यामुळे वेगवेगळी होते.

लेस व तिचा नमुना : धागे गुंफून, पिळून, गाठवून किंवा एकमेकांत अडकवून तयार केलेल्या जाळीदार नक्षीकामास लेस म्हणतात. सुईची लेस, उशीवर टाचण्या रोवून लाकडी रिळांनी गुंफलेली लेस, क्रोशाची लेस आणि गाठींची म्हणजे टॅटिंगची लेस हे तिचे प्रमुख प्रकार होत. महाराष्ट्रातील घरांत यांपैकी क्रोशाचे काम सर्वांत रुळले. दाराची तोरणे, ताटावरचे रुमाल, मेजावरील आच्छादने, परकराच्या व झबल्याच्या झालरी हे त्याचे परिचित आविष्कार आहेत. लग्नाच्या रुखवतात अशा वस्तू मांडण्याची चाल आहे. रुखवतातील रुमाल पाहून त्याचा नमुना उतरवून घेणे, शेजारणीकडून तो शिकणे व लेकीसुनांना शिकवणे याच मार्गाने हे काम पसरले. नमुना लिहिताना साखळी, खांब, मुका खांब अशी संज्ञायोजना मराठीत वापरतात. मूळ नमुना कोणी बसवला याची नोंद ठेवण्याची रीत मात्र या परंपरेत नाही. प्रताधिकाराचा विधी ज्ञात निर्माता गृहीत धरून चालत असल्यामुळे या विषयातील बहुतेक अडचणी येथूनच उद्‌भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यूरोपात सोळाव्या शतकात व्हेनिस व फ्लँडर्स येथे लेसकाम भरभराटीस आले. त्याच सुमारास नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. उशीवरच्या लेसचे व्हेनिसमधील ल पाँपे (१५५७) आणि फेदेरीको व्हिंचोलो याचे पॅरिस येथे निघालेले पुस्तक (१५८७) ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. अशा पुस्तकांची पाने सुईने टोचून नक्षी कापडावर वा चर्मपत्रावर उतरवत. वापरातच पाने झिजून जात असल्याने या पुस्तकांच्या मूळ प्रती आज थोड्याच उरल्या आहेत. नमुन्याची नक्कल करणे हाच पुस्तक विकत घेण्याचा हेतू असे. पुस्तक पुन्हा छापू नये म्हणून काही ठिकाणी मुद्रकाला राजाकडून वा नगरराज्याकडून अनन्य परवाना मिळे; पण त्यावरून लेस विणण्यास कोणाचीही आडकाठी नव्हती.

नक्षीला स्वतंत्र संरक्षण देण्याची गरज यंत्रोद्योगामुळे भासू लागली. फ्रान्समध्ये ल्याँ येथील रेशीम व्यवसायात १७११ मध्ये नक्षीच्या चोरीवर निर्बंध घालण्यात आले आणि १८०६ च्या विधीने नक्षीचे नमुने ठेव म्हणून दाखल करण्याची व्यवस्था झाली. ब्रिटनमध्ये १७८७ च्या अधिनियमाने छापील सुती व तागाच्या कापडावरील नव्या नक्षीला दोन महिन्यांचे संरक्षण दिले. १७९४ मध्ये ही मुदत तीन महिने झाली. जॉन हीथकोट याने १८०८ व १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळवले. पुढे यंत्रावर नक्षीही विणता येऊ लागली आणि हातलेसची हुबेहूब, स्वस्त नक्कल बाजारात आली. १८३९ व १८४२ च्या ब्रिटिश अधिनियमांनी अभिकल्पाच्या संरक्षणाची कक्षा इतर वस्तूंपर्यंत वाढवली. भारतात या धर्तीवर १८७२, १८८८ व १९११ मध्ये अधिनियम झाले. १९११ च्या अधिनियमातील अभिकल्पविषयक भागाची जागा अभिकल्प अधिनियम, २००० याने घेतली. प्रताधिकाराबाबत १८४७ व १९१४ चे अधिनियम जाऊन प्रताधिकार अधिनियम, १९५७ हा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला.

भारतात लेसकाम यूरोपीयांबरोबर आले. गोव्यात ते पोर्तुगीज संपर्कातून रुजले. नागरकोइल येथे १८२० च्या सुमारास व आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे त्याच शतकात मिशनऱ्यांनी ते स्थानिक स्त्रियांना शिकवले. म्हणजे येथे जे ‘पारंपरिक’ नमुने म्हणून ओळखले जातात, त्यांतील बरेच मुळात यूरोपीय पुस्तकांतून आलेले असून स्थानिक हातांनी त्यांत भर घातली आहे. त्यामुळे एखादा जुना नमुना अमुक एका गावाचा वा घराण्याचा आहे, असा दावा सिद्ध करणे कठीण असते.

नमुन्याची चार रूपे : विधीच्या दृष्टीने ‘नमुना’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात.

(१) टाका व पद्धत : साखळी कशी घालावी, खांब कसा काढावा, पाच साखळ्यांची कमान करून जाळी कशी वाढवावी हे तंत्र आहे. प्रताधिकार कल्पनेला वा पद्धतीला मिळत नाही, तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीला मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन या हिशेबपद्धतीच्या खटल्यात आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. तंत्र म्हणून टाका कोणाच्याही मालकीचा होत नाही.

(२) लेखी सूचना : ओळीमागून ओळ लिहिलेली विणण्याची कृती ही साहित्यकृती होय. ती जशीच्या तशी छापणे वा छायाप्रती काढून विकणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरते. मात्र सूचनांनुसार वस्तू विणणे म्हणजे त्या मजकुराची प्रत काढणे नव्हे. इंग्लंडमधील ब्रिजिड फोली विरुद्ध एलट या १९८२ मधील खटल्यात, विणकामाच्या मार्गदर्शिकेतील शब्द व अंक यांवरून तयार झालेला कपडा हा त्या मार्गदर्शिकेची प्रतिकृती ठरत नाही, असा निर्णय देण्यात आला. भारतीय न्यायालयांवर हा निर्णय बंधनकारक नसला, तरी त्यातील तत्त्व मार्गदर्शक मानता येते.

(३) आलेख, रेखाचित्र व छायाचित्र : चौकटीच्या कागदावर भरलेला आलेख वा नक्षीचे चित्र ही कलाकृती होय. चित्राला कलात्मक गुणवत्ता असलीच पाहिजे, अशी अट अधिनियमात नाही. कलाकृतीच्या हक्कात द्विमितीय कृती त्रिमितीय रूपात उतरवण्याचा हक्कही अंतर्भूत असल्याने, एखाद्याचे स्वतंत्र पुष्पचित्र पाहून तेच लेसमध्ये विणले, तर उल्लंघनाचा प्रश्न उद्‌भवू शकतो. तयार लेसच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा वेगळा हक्क असतो.

(४) विणलेली वस्तू : अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘कलात्मक कारागिरीची अन्य कोणतीही कृती’ यांचा कलाकृतींत समावेश आहे. हातलेसला थेट आधार मिळतो तो या शब्दांचा. परंतु ‘कलात्मक कारागिरी’ची व्याख्या अधिनियमात नाही. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने हेन्शर विरुद्ध रेस्टावाइल (१९७४) या फर्निचरविषयक खटल्यात हा दर्जा नाकारला. मात्र कसोटी कोणती असावी याबाबत न्यायाधीशांत मतैक्य झाले नाही. न्यूझीलंडमध्ये बॉन्झ ग्रुप विरुद्ध कुक (१९९४) या खटल्यात हाताने विणलेल्या लोकरी स्वेटरांना हा दर्जा मिळाला. तेथे नक्षीकार व विणणाऱ्या स्त्रिया भिन्न होत्या; कलात्मकता एकीची व कारागिरी दुसरीची असली, तरी दोन्ही मिळून कृती पूर्ण होते, असा विचार न्यायालयाने केला. हातविणकामाच्या दृष्टीने हा निर्णय विशेष महत्त्वाचा मानला जातो.

प्रताधिकाराचे स्वरूप : प्रताधिकार कृती निर्माण होताच उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. नवी दिल्ली येथील प्रताधिकार कार्यालयातील नोंद ही केवळ पुराव्याच्या उपयोगाची असते. कृती मौलिक असावी लागते. केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलताही दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात (२००७) म्हटले आहे. जुन्या नमुन्यात एखादी ओळ वाढवून मौलिकता येत नाही. परंतु जुनेच टाके घेऊन केलेल्या नव्या रचनेत ती असू शकते. कलाकृतीवरील प्रताधिकार निर्मात्याच्या हयातीत व मृत्यूनंतर पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो (१९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती). खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर उल्लंघन ठरत नाही. त्यामुळे मासिकातील नमुन्यावरून घरच्यासाठी रुमाल विणण्यास विधीची आडकाठी नाही.

पन्नास प्रतींची मर्यादा : अधिनियमाच्या कलम १५ मुळे वरील संरक्षणास मोठी मर्यादा पडते. अभिकल्प म्हणून नोंदलेल्या नक्षीत प्रताधिकार उरत नाही. तसेच नोंदणीस पात्र असूनही न नोंदलेली नक्षी ज्या वस्तूवर वापरली, त्या वस्तूच्या ५० पेक्षा अधिक प्रती मालकाने किंवा त्याच्या अनुज्ञेने अन्य कोणी औद्योगिक प्रक्रियेने काढल्या की, त्या नक्षीतील प्रताधिकार संपतो. ‘औद्योगिक प्रक्रिया’ या शब्दांची व्याख्या प्रताधिकार अधिनियमात नाही. मात्र अभिकल्प अधिनियमात हाताने, यंत्राने वा रासायनिक रीतीने केलेल्या प्रक्रियेचा स्पष्ट उल्लेख असल्याने केवळ हातकाम आहे म्हणून लेस या मर्यादेतून सुटते, असे खात्रीने म्हणता येत नाही.

या तरतुदीवर भारतात महत्त्वाचे निर्णय झाले आहेत. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या गाद्यागिर्द्यांच्या कापडावरील नक्षीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये, औद्योगिक वापरासाठी केलेल्या नक्षीला प्रताधिकाराचे दीर्घ संरक्षण देणे विधिमंडळाला अभिप्रेत नव्हते, असे ठरवले. राजेश मसराणी विरुद्ध तहिलियानी डिझाइन (२००८) या खटल्यात वस्तूंची संख्या पन्नासपेक्षा कमी असल्याने वेशभूषाकाराचा प्रताधिकार टिकला. उलट रितिका विरुद्ध बिबा ॲपरल्स (२०१६) या खटल्यात ती मर्यादा ओलांडलेली असल्याने दावा अयशस्वी झाला. क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया या यांत्रिक आरेखनांविषयीच्या खटल्यात १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन टप्प्यांची कसोटी घालून दिली : प्रथम, कृती शुद्ध कलाकृती आहे की तीवरून घेतलेला व औद्योगिक प्रक्रियेत वापरलेला अभिकल्प आहे हे पाहावे, प्रताधिकार लागू होत नसल्यास, वस्तूचा मुख्य हेतू उपयुक्ततेचा आहे का हे पाहून तिला अभिकल्पाचे संरक्षण मिळते की नाही ते ठरवावे.

या मर्यादेचा भार लहान उत्पादकांवर अधिक पडतो. एकच मोठे आच्छादन महिनोन्‌महिने विणणारीचा हक्क टिकतो. तोरणाचा एकच लहान नमुना वर्षभर विणून विकणारी मात्र पन्नासाचा आकडा सहज ओलांडते आणि आपला हक्क गेल्याचे तिला ठाऊकही नसते.

अभिकल्पाची नोंदणी : अशा वस्तूंसाठी अभिकल्प नोंदणी हा मार्ग आहे. नोंदणी कोलकाता येथील कार्यालयाच्या नियंत्रणाखाली होते. वस्तूंचे वर्गीकरण लोकार्नो वर्गीकरणानुसार केले जाते व त्यात लेससाठी ०५–०२ हा स्वतंत्र उपवर्ग आहे. संरक्षण प्रथम १० वर्षांचे असून ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. नक्षी नवी वा मौलिक असावी आणि अर्जापूर्वी ती भारतात वा अन्यत्र कोठेही प्रकट झालेली नसावी, अशी अट आहे. केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात, पूर्वसूचना देऊन मांडलेल्या नक्षीपुरता सहा महिन्यांचा अपवाद आहे. गावच्या जत्रेत मांडलेली किंवा छायाचित्र काढून सर्वत्र धाडलेली नक्षी मात्र प्रकट झाली असेच मानले जाईल. उल्लंघनाबद्दल २००० च्या अधिनियमात प्रत्येक कृत्यास २५,००० रुपयांपर्यंत व एका अभिकल्पामागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. त्याऐवजी नुकसानभरपाई व मनाईहुकूम यांसाठी दावाही लावता येतो. परंपरेने चालत आलेली नक्षी नवी नसल्याने या विधीखाली नोंदता येत नाही, आणि तशी नोंद कोणी व्यापाऱ्याने करून घेतलीच, तर पूर्वप्रकटनाच्या आधारावर ती रद्द करवून घेता येते.

निर्माता व मालक : लेस बहुधा मजुरीवर विणून घेतली जाते. व्यापारी धागा व नमुना देतो. स्त्रिया घरी विणून नगावर मजुरी घेतात. नरसापूर येथील या व्यवस्थेचा अभ्यास मारिया मीस यांनी द लेस मेकर्स ऑफ नरसापूर (१९८२) या ग्रंथात केला असून, विणणाऱ्या स्त्रियांना केवळ फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी मानल्यामुळे त्यांच्या श्रमाचे मोल कसे घटते, हे त्यांनी दाखवले आहे. नमुन्याच्या मालकीबाबतही अशीच स्थिती आहे.

नमुना व्यापाऱ्याचा असेल, तर विणणारीस त्यावर हक्क नसतो. नमुना तिने स्वतः बसवला असेल, तर दोन विधी परस्परविरुद्ध उत्तरे देतात. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा प्रथम मालक मालकवर्ग असतो; परंतु घरी नगावर काम करणारी स्त्री सर्वसाधारणतः नोकर नसते. त्यामुळे तिच्या आरेखनाचा वा कृतीचा प्रताधिकार तिचाच राहतो आणि लेखी अभिहस्तांकनाशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. अभिहस्तांकनात मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. याउलट अभिकल्प अधिनियमानुसार, मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी अभिकल्प तयार केला असेल, तर ज्याच्यासाठी तो केला तीच व्यक्ती त्याची स्वामी ठरते. म्हणजे नगाची मजुरी देताना व्यापाऱ्याने नवा नमुनाही करून मागितला असेल, तर तो आपल्या नावावर नोंदवण्याचा हक्क त्याला मिळू शकतो.

प्रताधिकार दिल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा व तिच्या विकृतीस हरकत घेण्याचा विशेष हक्क कलम ५७ अन्वये निर्मात्याकडे राहतो. अमरनाथ सहगल यांच्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात (२००५) दिल्ली उच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. अभिकल्प अधिनियमात अशी तरतूद नाही.

सामूहिक परंपरा व भौगोलिक मानांकन : जेथे निर्माता व्यक्ती नसून समाज असतो, तेथे भौगोलिक मानांकन अधिनियम, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) याचा आधार घेतला जातो. नोंदणी चेन्नई येथे होते, ती १० वर्षांची असून तिचे वारंवार नूतनीकरण करता येते. नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये असे मानांकन मिळाले. महाराष्ट्रात पैठणी, सोलापुरी चादर, वारली चित्रकला व कोल्हापुरी चप्पल ही याची उदाहरणे होत [⟶ पैठणी]. मानांकनाने संरक्षण मिळते ते नावाला व त्या नावाशी निगडित लौकिकाला, नक्षीला नव्हे. पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, बांगडीमोर, कमळ हे आकार कोणीही काढू शकतो. विवक्षित क्षेत्राबाहेरच्या वा वेगळ्या रीतीने केलेल्या वस्तूला पैठणी म्हणून विकता येत नाही, एवढेच. हातमागाच्या वस्तूंना हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) अधिनियम, १९८५ याचे आणखी एक कवच आहे. पण तोही उत्पादनाची रीत राखतो, नक्षी नाही. शिवाय क्रोशाची लेस मागावर होत नसल्याने ती त्याच्या कक्षेत येत नाही.

हा भेद कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात ठळकपणे दिसून आला. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन संस्थेने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे प्रदर्शित केली. त्यांना मूळ नाव दिलेले नव्हते. टीकेनंतर संस्थेने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत स्वामी असलेली महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळे याचिकाकर्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये या महामंडळांशी संस्थेचा सहकार्याचा करार झाला. नाव न वापरता केवळ घाट वापरला असता मानांकन अपुरे पडते आणि अखेर वाटाघाटींवर भिस्त ठेवावी लागते, असे यातून दिसते.

सामूहिक शैली व व्यक्तिगत कृती यांतील सीमारेषा वारली चित्रकलेवरून समजते. त्रिकोणी मनुष्याकृती व तारप्याभोवतीचा फेर हे साऱ्या जमातीचे, परंतु जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११, मृत्यू २०१८) यांच्यासारख्या चित्रकाराने केलेल्या विशिष्ट चित्राचा प्रताधिकार त्याचा स्वतःचा असतो. लेसलाही हेच तत्त्व लागू पडते. मानांकन क्षेत्राशी बांधलेले असल्याने सजातीय कलेलाही त्याचा लाभ मिळत नाही. कर्नाटकातील संडूरच्या लमाणी भरतकामाला मानांकन आहे. परंतु फेटिया, कांचळी यांवर आरसे व कवड्या लावून तशाच धाटणीचे काम करणाऱ्या मराठवाड्यातील तांड्यांवरील बंजारा स्त्रियांना ते नाव वापरता येत नाही.

पाटोद्याचे उदाहरण : पाटोदा हा बीड जिल्ह्यातील बालाघाट डोंगररांगांतील तालुका. मांजरा नदी येथे उगम पावते. तथापि पाऊस बेभरवशाचा असल्याने येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. अशा भागात घरबसल्या करता येणाऱ्या शिवण, विणकाम, गोधडी यांसारख्या कामांना पूरक उत्पन्न म्हणून मोल आहे. पाटोदा हे लेसचे प्रसिद्ध केंद्र नाही. त्यामुळे मानांकनाचा मार्ग येथील विणणारीला उपलब्ध नाही आणि तिला वैयक्तिक हक्कांवरच विसंबावे लागते. येथील बचत गटातील एखादी स्त्री तोरणे विणून विकू लागली, तर तिची स्थिती पुढीलप्रमाणे राहील.

आईकडून वा शेजारणीकडून आलेला जुना नमुना ती मुक्तपणे विणू व विकू शकते. तो इतरही विणू शकतात. पुस्तकातील वा चित्रफितीतील नमुना शिकून घरासाठी विणता येतो. मात्र त्या पानांच्या प्रती काढून गटात विकता येत नाहीत. केवळ लेखी सूचनांवरून विणलेली वस्तू विकणे बहुधा निर्वेध आहे. एखाद्याच्या स्वतंत्र चित्राची हुबेहूब नक्षी विणून विकणे तसे नाही. स्वतः बसवलेल्या नमुन्याचा प्रताधिकार तिला आपोआप मिळतो. तो टिकवण्यासाठी मूळ आलेख, पहिली विणलेली वस्तू व तारीख घातलेले छायाचित्र जपून ठेवणे हिताचे असते. पन्नासपेक्षा अधिक नग काढायचे असल्यास बाजारात नेण्यापूर्वीच अभिकल्प म्हणून नोंदणीचा अर्ज करावा लागतो. व्यापाऱ्याला नमुना देताना तो कोणाचा, किती नगांसाठी व किती मुदतीसाठी दिला, हे दोन ओळींत का होईना, लिहून घ्यावे लागते. तोंडी व्यवहारात प्रताधिकार तिच्याकडे राहिला, तरी तो सिद्ध करण्याचे साधन तिच्याजवळ उरत नाही.

दाद मागण्याच्या बाबतीत प्रताधिकार अधिनियमाचे कलम ६२ उपयुक्त आहे. त्यानुसार वादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. पाटोद्याच्या स्त्रीला मुंबई वा सुरतेच्या व्यापाऱ्याविरुद्ध बीड येथेच दावा दाखल करता येईल. अभिकल्पाच्या दाव्यात ही सवलत नाही. तेथे प्रतिवादीचे ठिकाण वा दाव्याचे कारण घडल्याचे ठिकाण पाहावे लागते, आणि नोंदणीच्या वैधतेवरच आक्षेप घेतला गेला, तर दावा उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो. मनाईहुकूम, नुकसानभरपाई व नफ्याचा हिशेब या प्रताधिकारभंगावरील प्रमुख दिवाणी उपाययोजना होत.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : बर्न करारान्वये (१८८६) उपयोजित कलेचे संरक्षण कसे करावे हे सदस्य राष्ट्रांवर सोपवले आहे. भारत १९२८ पासून या कराराचा सदस्य आहे. अज्ञात निर्मात्यांच्या अप्रकाशित लोककृतींसाठी राष्ट्राने एखादे प्राधिकरण नेमावे, अशी तरतूद १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेपासून करारात आली. युनेस्को व जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांनी १९८२ मध्ये लोककलांच्या अभिव्यक्तींसाठी आदर्श तरतुदी तयार केल्या. संघटनेची आंतरशासकीय समिती २००० मध्ये स्थापन झाली. पारंपरिक सांस्कृतिक अभिव्यक्तींवर मात्र तिच्याकडून सर्वमान्य करार होऊ शकलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या रियाध अभिकल्प विधी करारात, नोंदणीच्या अर्जात संबंधित पारंपरिक अभिव्यक्तीची माहिती मागण्याची मुभा राष्ट्रांना देण्यात आली आहे. एखाद्या जुन्या घरगुती नक्षीला नवी म्हणून आपल्या नावावर नोंदवण्यास त्यामुळे काही प्रमाणात आळा बसू शकेल. मात्र अशा माहितीचा उपयोग होण्यासाठी आधी ती नक्षी कोठेतरी नोंदलेली असावी लागते. गावोगावच्या विणकामाचे नमुने, त्यांची नावे व ते विणणाऱ्या स्त्रियांची माहिती संकलित करणे हे म्हणूनच विधीइतकेच आवश्यक असे काम होय.